मधल्या पानांची किंमत

पोकरमध्ये भारी पानं खेळायला फारशी अक्कल लागत नाही आणि टाकाऊ पानं फेकून द्यायलाही लागत नाही. खेळाडूचा कस लागतो तो नव्वीच्या जोडीसारख्या मधल्या पानांवर, तेही समोरचा दर फेरीला रक्कम चढवत असताना. तीन पत्तीत ब्लाइंड खेळणाऱ्यासमोर पानं पाहून बसलेल्याला दुप्पट चाल द्यावी लागते, तेव्हा हातात नुसती जोडी असलेल्याची होणारी घालमेल आपल्याकडेही ओळखीची आहे. पोकरच्या टेक्सास होल्डम या प्रकारात या पेचाचं उत्तर गेल्या चार-साडेचार दशकांत पार बदललं.

डॉयल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली आणि त्या दशकाच्या अखेरीस ‘सुपर/सिस्टम’ हे पुस्तक काढलं. त्याची शिकवण आक्रमणाची होती. समोरच्याकडे बहुतेक वेळा मधलीच पानं असतात आणि दडपण आलं की तो ती सोडतो. म्हणजे आक्रमकाची कमाई या सोडलेल्या पानांवरच चालते. बचाव करायचा तर माणूस वाचायचा. स्टू उंगर या खेळाडूने याच स्पर्धेचा १९९०चा विजेता मन्सूर मतलूबीचा ऑल-इन, म्हणजे सगळे चिप्स लावलेली बेट, कॉल केला, तेव्हा उंगरच्या हातात साधी जोडीही नव्हती. सगळ्यात मोठं पान दश्शी. मतलूबीकडे चौव्वी-पंजी निघाली. अशी नजर मात्र शिकवून येत नव्हती.

२००३मध्ये हाच पेच टीव्हीवर घराघरांत पोचला. वर्ल्ड सिरीजच्या ८३९ जणांच्या मुख्य स्पर्धेत शेवटी दोघे उरले: मुरलेला सॅम फारहा आणि इंटरनेटवरची स्वस्त पात्रता फेरी जिंकून आलेला अकाउंटंट ख्रिस मनीमेकर. टेबलावर नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी, तिर्री. फारहाकडे राणी-नव्वी, म्हणजे टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी. मनीमेकरकडे राजा-सत्ती, फ्लश हुकलेला, स्ट्रेटही हुकलेला. तो ऑल-इन गेला आणि फारहाने बराच विचार करून पानं टाकली. पुढे गुलामाची जोडी मिळाल्यावर त्याच फारहाने सगळे चिप्स आत ढकलले, पण मनीमेकरकडे पंजी आणि चौव्वी अशा दोन जोड्या होत्या. टेबलावरच्या मोठ्या पानाची जोडी दोन्ही वेळा होती. एकदा सोडली म्हणून महागात पडली, एकदा धरली म्हणून.

म्हणजे नुसत्या आपल्या पानांकडे पाहून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. पुढच्या पिढीने हे गणितात बसवलं. पॉट १०० आणि समोरच्याची बेटही १०० असेल, तर १०० घालून एकूण ३०० मिळतात. तीनात एकदा जिंकलं तरी बरोबरी. बेट ५० असेल तर चारात एकदा पुरतं. शेवटच्या फेरीत आपली जोडी फक्त ब्लफला हरवू शकत असेल, तर ती नव्वीची की राणीची, याने जवळजवळ फरक पडत नाही. प्रश्न एवढाच की समोरचा त्या मापापेक्षा जास्त खोटं बोलतो का.

२०१५च्या सुमारास पायोसॉल्व्हरसारखी सॉफ्टवेअरं आली आणि हिशेब आणखी बारीक झाला. इस्पिकचा फ्लश हुकलेला असताना इस्पिकची पानं आपल्याच हातात असतील, तर समोरच्याचे संभाव्य ब्लफ तेवढे कमी होतात आणि कॉल अवघड ठरतो. २०१७मध्ये पिट्सबर्गला लिब्रेटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं, तेव्हा त्याच्या पॉटपेक्षा कितीतरी मोठ्या बेट्सनी त्यांना जेरीस आणलं. त्याचं आक्रमण मात्र तोललेलं होतं. खरी पानं आणि ब्लफ यांचं प्रमाण त्याने सांभाळलं होतं.

अतिआक्रमक माणूस हे प्रमाण सांभाळत नाही, आणि त्याचं वर्म तिथेच आहे. अशा खेळाडूसमोर मधली पानं घेऊन रेझ करणं बहुधा आतबट्ट्याचं, कारण कमजोर पानं लगेच पळतात आणि आपल्याला हरवणारी तेवढी उरतात. चेक करून त्यालाच बोलू द्यावं आणि कॉल करावा, म्हणजे त्याचे ब्लफ पैसे घालत राहतात. पण तो खरोखर अतिआक्रमक आहे, हे आधी ठरायला हवं. सलग चार डाव रेझ करणाऱ्याकडे कधीकधी चारही वेळा पानं असतात. शेवटी उघडी पडलेली त्याची पानं लक्षात ठेवणाऱ्यालाच हे गणित उपयोगी पडतं. बाकीच्यांसाठी ते रागाने केलेल्या कॉलचं समर्थन ठरतं.