नळदुर्गचा पाणीमहाल आणि प्रश्न विचारणारा प्रेक्षक

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ साली, नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर जो बंधारा उभा राहिला, त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. आणि पावसाळ्यात नर व मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळू लागले, की त्या दालनाच्या गवाक्षापुढे जलाचा पडदा उभा राहतो. हे दृश्य चित्रफितीत टिपणे सुलभ. परंतु ज्याचे चित्त तेथील फारसी शिलालेखापाशी अडते, त्याला फीत थांबवता येते, तिला काही विचारता येत नाही.

ही उणीव दूर करण्याची तजवीज वेबच्या खुल्या तंत्रांत आहे. २०१४ साली वेबपाने रचण्याच्या एचटीएमएल५ या भाषेला अधिकृत प्रमाणाचा दर्जा मिळाला, त्यात चित्रफीत ही अक्षरांप्रमाणेच पानाचा घटक मानली आहे. फितीचा कोणता क्षण चालू आहे हे ब्राउझर जाणतो आणि त्या क्षणाशी बांधलेली कृती जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेकडून घडते: शिलालेख दिसताच कडेला त्याचे वाचन उमटते, नकाशावरील रणमंडळ या उपदुर्गावर बोट ठेवताच फीत तेथे पोहोचते. उपशीर्षकांची वेबव्हीटीटी फाईल तर निव्वळ मजकूर. आरंभाची वेळ, अखेरची वेळ, खाली वाक्य.

याचे एक उदाहरण: कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने २०११ मध्ये टोरांटोतील उत्तुंग इमारतींच्या रहिवाशांवरचा ‘वन मिलियन्थ टॉवर’ हा माहितीपट मोझिलाच्या पॉपकॉर्न या खुल्या साधनाच्या साहाय्याने रचला. अशा साधनांसाठी परवाना विकत घ्यावा लागत नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. नळदुर्ग ज्यात येते त्या तुळजापूर तालुक्यातील शाळेनेही पाणीमहालाची फीत अवश्य रचावी, मात्र चित्रीकरण सांडवे वाहत असतानाच करावे.