उंडेऱ्यातली अर्धी माणसं

फेब्रुवारी १८९८ मध्ये प्लेगची लस तयार करणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन बडोद्याजवळच्या उंडेरा गावात आले, तेव्हा गावात प्लेग होताच. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या साथीनं तोवर पुणं पोखरलं होतं. सावित्रीबाई फुले तिनंच गेल्या, पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याचा खूनही होऊन गेला होता. सोल्जरांच्या झडतीच्या धास्तीनं पुण्यात लोक आजारी माणूस लपवत.

सयाजीरावांच्या राज्यातल्या या खेड्यात हाफकिननं १२ फेब्रुवारीला एकेक कुटुंब समोर बसवलं आणि घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. बाप्ये, बाया, पोरं, अशक्त, सगळ्यांत निम्मे. हजारेक वस्तीतल्या ५१३ जणांना सुई मिळाली. छप्पर तेच, चूल तीच, उंदीरही तेच. सहा आठवड्यांनी घरोघर फिरून हिशेब मांडला गेला. प्लेग शिरलेल्या २८ घरांत न टोचलेले ६४ जण होते. २७ आजारी पडले, २६ गेले. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले, ३ दगावले.

लसीचा गुण भायखळ्याच्या तुरुंगात आणि दमणमध्ये आधीच दिसला होता. म्हणूनच ते २६ जण मला खुपतात. पण टोचून घ्यायला आपण होऊन येणारे मुळात धडधाकटच असतात, या आक्षेपाला दुसऱ्या कुठल्या हिशेबानं उत्तर मिळालं असतं, हेही सांगता येत नाही.

एवढं होऊनही रोग उंदरातून माणसात येतो कसा, याचा पत्ता नव्हता. उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपडी घालायची, एवढं खेड्यापाड्यांत ठाऊक होतं. त्याच वर्षी जूनमध्ये कराचीत फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँनं उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं. बहुतेक डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं. पुढे मुंबईत प्लेगचा संशोधक लिस्टन यानं प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले, त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या, तेव्हा कुठे पटलं. म्हणजे पहारा उंदरांवर हवा होता.

तो पहारा आपण पुढे सैल सोडला. १९९३ च्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावात लोक घराबाहेर राहिले, धान्य आतच राहिलं, उंदीर माजले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये माणसांना गाठी आल्या, पण त्याआधीच उंदीर पडले होते आणि पिसवांनी लोक हैराण झाले होते. सप्टेंबरात सुरतेत प्लेग उठला आणि शहर पळत सुटलं. तिथला कचरा नेमानं उचलला जाऊ लागला तो १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आल्यावर.