जबड्याचा सांधा : शस्त्रक्रियेविना उपचारांचे दीर्घकालीन फलित

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडल्यास जबड्याचा सांधा हलताना जाणवतो. सांध्यातील चकती सरकल्यास कटकट आवाज होतो, वेदना होतात व तोंड पुरेसे उघडत नाही. हा विकार आयुष्यभर छळेल काय, अशी चिंता रुग्णास वाटणे स्वाभाविक आहे.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथील संशोधकांनी शस्त्रक्रियेविना उपचार झालेल्या रुग्णांची सुमारे ३० वर्षांनी फेरतपासणी केली. तिचे निष्कर्ष १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाले. क्ष-किरण चित्रांत हाडांची झीज दिसली. तथापि वेदना व तोंड उघडण्यातील अडचण बहुतेकांच्या बाबतीत ओसरली होती. आवाज मात्र अनेकांत कायम होता.

यास्तव मऊ आहार, शेक व दंतवैद्यांच्या सल्ल्याने जबड्याचे व्यायाम हे उपाय प्रथम योजावेत. केवळ आवाज येतो म्हणून शस्त्रक्रियेची घाई करू नये.