‘सिनॅगॉग’ : वास्तू आणि सभा

मराठी बायबलमध्ये ‘सिनॅगॉग’साठी ‘सभास्थान’ हा शब्द रूढ आहे. त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे साहजिकच एक वास्तू उभी राहते. मूळ ग्रीक ‘सिनॅगोगे’ या शब्दाचा अर्थ मात्र ‘एकत्र येणे’ वा ‘जमलेला समुदाय’ असा आहे. वास्तू हा त्याचा उत्तरकालीन अर्थ होय. हे अर्थांतर ध्यानी घेतल्यावाचून ग्रीक-रोमन जगातील ज्यू समाजजीवनाचे स्वरूप नीट उलगडत नाही.

इजिप्तमधील ज्यू इ.स.पू. तिसऱ्या शतकात आपल्या वास्तूला ‘प्रोस्यूखे’, म्हणजे ‘प्रार्थना’, असे म्हणत. ‘सिनॅगोगे’ या शब्दाचे संक्रमण दाखविणारा लेख आढळतो तो बेरेनीके (आजचे लिबियातील बेनगाझी) येथे. नीरोच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षातील (इ.स. ५५) या शिलालेखात ‘सिनॅगोगे’च्या दुरुस्तीसाठी देणगी देणाऱ्यांची नावे कोरण्याचा ठराव ‘सिनॅगोगे’नेच केलेला आहे. ठराव करणारी ती सभा आणि दुरुस्त झालेली ती वास्तू. एकाच लेखात एकच शब्द दोन्ही अर्थांनी आला आहे.

रोमन सत्तेच्या दृष्टीने महत्त्व होते ते सभेला. ज्युलियस सीझरने प्राचीन संघ वगळून इतर संघ विसर्जित केले, असे स्वेटोनियस सांगतो. जोसीफसने दिलेल्या एका पत्रानुसार ज्यूंना मात्र एकत्र जमण्याची, वर्गणी गोळा करण्याची व सहभोजनाची मुभा होती. संरक्षण मिळाले ते भिंतींना नव्हे, जमण्याच्या हक्काला.

जमून काय केले जाई, याचे उत्तर जेरुसलेम येथे १९१३-१४ मध्ये सापडलेला थिओडोटसचा ग्रीक शिलालेख देतो. बहुतेक अभ्यासक तो इ.स. ७० पूर्वीचा मानतात. धर्मशास्त्राचे वाचन, आज्ञांचे अध्यापन आणि परदेशातून येणाऱ्या गरजूंसाठी निवास व पाणी ही वास्तूची प्रयोजने त्यात नोंदविली आहेत. प्रार्थनेचा उल्लेखही नाही. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, तेव्हा यज्ञविधी थांबले. वाचन, अध्यापन व परस्परसाहाय्य यांना मात्र त्या एका स्थळाची अट नव्हती.

संस्कृत ‘सभा’ या शब्दातही जमलेले लोक आणि जमण्याची जागा हे दोन्ही अर्थ नांदतात. ‘सभास्थान’ या प्रतिशब्दातील ‘स्थान’ या पदाने अर्थ निश्चित झाला खरा, पण त्याचा निम्मा भाग लोपला. प्राचीन ग्रंथ वाचताना तो निम्मा अर्थ अभ्यासकाने स्वतः भरून घ्यावयास हवा.