लोणारच्या पाण्यात हळदीचा कागद

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला शाळांच्या सहली नेहमीच जातात. मुले काठावरून सरोवर पाहतात, 'हे उल्कापाताने झाले' हे वाक्य वहीत उतरवतात आणि बस परत फिरते. खरे तर हे वाक्य ठरायला दीडशे वर्षे लागली. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली सरोवराची नोंद केली. पुढे बराच काळ ते ज्वालामुखीचे मुख समजले जाई. प्रचंड आघातानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच इथल्या खडकात सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा चित्र पालटले.

ही काच मुलांना दाखवता येणार नाही. पाण्याची तपासणी मात्र त्यांच्या हातची आहे. घरची हळद स्पिरिटमध्ये कालवा, त्यात टीपकागद बुडवून सावलीत वाळवा. आम्लात किंवा साध्या पाण्यात हा कागद पिवळाच राहतो, अल्कलीत लालसर होतो. (साबणाच्या पाण्याने आदल्या दिवशी वर्गातच खात्री करून घ्यावी.) लोणार हे अभयारण्य असल्याने वनखात्याची परवानगी आधी काढावी, तिथून दगडही उचलू नये.

पाच-सहा जणांचे गट करा. पहिली चाचणी काठावरच्या 'धार' या बारमाही झऱ्यावर. इथे कागद पिवळाच राहील. मग झाडीतून खाली उतरा. विवराची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून तळ दीडशे मीटरच्या आसपास खोल. सरोवराच्या पाण्यात बुडवलेला कागद मात्र लगेच लाल होतो, कारण त्याचा सामू १०च्या जवळपास असतो.

आता प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका: झऱ्याचे गोडे पाणी याच सरोवरात उतरते, मग हे पाणी असे का? या खळग्याला बाहेर जाणारा ओहोळ नाही. पाणी उन्हाने उडून जाते, बेसाल्टमधून विरघळून आलेले क्षार मागे राहतात. त्यांतले कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली बसते. सोडियम विरघळलेलाच राहतो, आणि त्याच्या कार्बोनेटांमुळे पाणी अल्कधर्मी होते.

अशा पाण्यात स्पिरुलिनासारखी नीलहरित शैवाले वाढतात, म्हणून एरवी ते हिरवट दिसते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. मिठाची आवड असणारे सूक्ष्मजीव पाणी आटल्यावर फार वाढले होते. पाऊस पडून पाणी पातळ होताच रंग ओसरला. म्हणजे गोड्या पाण्याची आवक वाढली किंवा घटली, तर इथली सजीवसृष्टीच बदलते. २०२० सालीच लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सांडपाणी तिथे जाऊ नये असा आग्रह धरला जातो, त्यामागे हेही कारण आहे.

परतीपूर्वी प्रत्येक गटाने तारीख, वेळ आणि जागा लिहून कागद वहीत चिकटवावा. पुढल्या वर्षीच्या तुकडीला तीच वही द्या आणि त्याच जागी पुन्हा कागद बुडवायला सांगा.