वर्षानुवर्षं न सापडलेला डबा: शोध कुठून सुरू करायचा?

आजचा विषय जरा वेगळा आहे. जिओकॅशिंग हा शब्द तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्या काहींनी मुलांबरोबर हा खेळ खेळलाही असेल. कुणीतरी एक डबा कुठंतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि घरी येऊन ऑनलाइन नोंद करायची. यातला ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे, दडवून ठेवलेला साठा. गोंधळ नको म्हणून आम्ही सरळ ‘डबा’च म्हणू.

आज बोलायचंय ते अशा डब्यांबद्दल, जे पाच, आठ, दहा वर्षांत कुणालाच सापडलेले नाहीत. या खेळातले लोक त्यांना ‘लोनली कॅश’ म्हणतात, एकाकी डबे. असा डबा शोधून त्याच्या नोंदी पुन्हा सुरू करणाऱ्याला ‘रिससिटेटर’ म्हणतात, म्हणजे मृतप्राय माणसात धुगधुगी आणणारा. नाव जरा भारदस्त आहे, पण आवडण्यासारखं आहे. आणि या शोधात एक प्रश्न दडलाय, जो खेळापेक्षा मोठा आहे: एखादी गोष्ट सापडली नाही, यावरून ती तिथं नाही असं किती ठामपणे म्हणता येतं?

आधी थोडा इतिहास, कारण जुन्या डब्यांचे घोटाळे त्यातूनच कळतात. १ मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरी वापराच्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा साधारण १०० मीटरपर्यंत चुकायची. त्या रात्री ही चूक मिसळणं बंद झालं. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक भागात डेव्ह उल्मर यांनी एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि चक्क बीन्सचा डबा. जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवरच्या एका चर्चागटात टाकले आणि तीन दिवसांत दोघांना ती बादली सापडली.

हे आधी का शक्य नव्हतं? साधा हिशेब करू. १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळजवळ पावणेआठ एकर. १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जेमतेम तीन गुंठे. चूक दहापट कमी झाली, तर शोधायची जमीन शंभरपट कमी होते. पावणेआठ एकर जंगलात बादली शोधायला कुणी जाणार नाही. तीन गुंठ्यांत माणूस हौसेनं जातो.

आता, २००१-०२ मध्ये ठेवलेला एखादा डबा घ्या. तो ठेवणाऱ्याचं यंत्र आजच्या मानानं बेताचंच होतं. झाडीत किंवा दरीत उपग्रहांचे संदेश कड्यांवर आपटून फिरून येतात, तिथं त्याचं वाचन दहा-पंधरा मीटर सहज चुकलेलं असू शकतं. त्यात तुमच्या फोनची चूक वेगळी. त्यामुळे स्क्रीनवर ‘शून्य मीटर’ दिसलं की तिथंच गुडघे टेकून उकरत बसू नका. तो आकडा फक्त वर्तुळाचा मध्य सांगतो.

दुसरा घोटाळा आकड्यांच्या लिखाणातला. या खेळात जागा अंश आणि मिनिटांत देतात, मिनिटाच्या तीन दशांशांपर्यंत. उत्तर-दक्षिण दिशेत शेवटचा दशांश म्हणजे सुमारे १.८५ मीटर. पण पहिला दशांश एकानं जरी चुकला, तरी जागा १८५ मीटर सरकते. तिसरा घोटाळा नकाशाच्या पायाचा. अमेरिकेचे जुने कागदी नकाशे १९२७ च्या मापन-पायावर होते आणि जीपीएस १९८४ च्या पायावर चालतो. पश्चिम अमेरिकेत या दोहोंत १०० मीटरच्या आसपास फरक पडतो. यंत्राची सेटिंग जुन्या नकाशाला जुळवून ठेवली असेल, तर डबा शेजारच्या ओढ्यात जाऊन बसतो! म्हणून पहिल्या दोन-तीन शोधकांच्या नोंदी आधी वाचायच्या. ‘आम्हाला २० मीटर पूर्वेला सापडला’ असं वाक्य तिथं पडलेलं असतं आणि नंतरचे लोक ते वाचतच नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘सहा वर्षांत सापडला नाही’ या वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होऊ शकतात. एक, सहा वर्षांत तिथं कुणी गेलंच नाही. दोन, लोक गेले, शोधलं आणि हात हलवत परतले. शोधून न सापडल्याच्या नोंदीला या खेळात ‘डीएनएफ’ म्हणतात.

पहिल्या प्रकाराचं टोकाचं उदाहरण पृथ्वीवरचं नाहीच. ऑक्टोबर २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट हे खासगी प्रवासी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेले आणि त्यांनी तिथल्या एका लॉकरला जिओकॅश ठरवून टाकलं. पुढची नोंद झाली २०१३ मध्ये, रिक मास्ट्राकिओ हे अंतराळवीर तिथं पोचल्यावर. पाच वर्षं तो ‘डबा’ एकाकी होता, पण हरवलेला मुळीच नव्हता. नेवाडातल्या एखाद्या ओसाड डोंगरावरच्या डब्याचंही असंच असतं. रस्ता संपल्यावर सात-आठ तास चालायचं, पाणी नाही, शिखराला नाव नाही. कोण जाणार? अशा डब्याच्या पानावर एकही डीएनएफ नसेल, तर सहा वर्षांची शांतता त्याच्याविरुद्ध फारसं काही सांगत नाही.

दुसऱ्या प्रकाराचा हिशेब मांडून बघू. आकडे आम्ही समजुतीसाठी धरलेत. असे १०० जुने डबे आहेत, त्यातले ७० जागेवर आणि ३० नाहीसे झालेले. प्रत्येकाकडे एक जाणता शोधक जातो. डबा असेल तर निम्म्या वेळा तो त्याला सापडतो. म्हणजे ३५ सापडले. न सापडलेल्या ६५ पैकी ३५ अजून जागेवरच आहेत, म्हणजे ५४ टक्के. तितकाच जाणता दुसरा माणूसही रिकाम्या हातानं आला, तर शक्यता ३७ टक्क्यांवर येते. तिसऱ्यानंतर २३. इथं माणसानं विचार करावा.

पण समजा, गेलेला शोधक जाणता नव्हताच. मुलं कंटाळली, पाऊस आला, दहा मिनिटं इकडेतिकडे पाहिलं आणि परत. असा माणूस दहातला एकच डबा शोधतो म्हणू. त्याच्या डीएनएफनंतर शक्यता ७० वरून फक्त ६८ वर येते. नोंदीत शब्द तेच, ‘सापडला नाही’, पण तिचं वजन जवळजवळ शून्य. म्हणून डीएनएफ मोजू नका, वाचा. कोण गेलं होतं, किती वेळ शोधलं, बर्फ होतं का, त्या माणसाला अनुभव किती. आमच्या मते अर्धा शोध इथंच, घरी खुर्चीत बसून होतो.

याच पद्धतीला संभाव्यताशास्त्रात बेझचा नियम म्हणतात आणि ती फार गंभीर कामांत वापरली गेली आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ माणसं गेली. त्या शोकांतिकेची खेळाशी बरोबरी करायची नाही, पण तर्क तोच आहे. विमानाच्या ब्लॅक बॉक्सवर आवाज करणारे बीकन असतात. सुरुवातीच्या आठवड्यांत तो आवाज टिपण्यासाठी समुद्र धुंडाळला गेला, काही ऐकू आलं नाही. मग तो पट्टा जवळपास रिकामा धरला गेला. पुढे गणितज्ञांनी विचारलं, बीकनच बंद पडले असतील तर? त्या ‘न ऐकू येण्या’चं वजन त्यांनी कमी केलं. शक्यतेचा नकाशा बदलला आणि एप्रिल २०११ मध्ये, नवा शोध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, सुमारे ३,९०० मीटर खोल अवशेष सापडले.

परत डब्याकडे. जागेवर पोचल्यावर विचार करायचा तो काळाचा. दहा वर्षांत त्या जागेचं काय झालं असेल? लष्करी दारूगोळ्याच्या जुन्या पोलादी पेट्या या खेळात फार वापरतात. झाकणाला रबर असतं, त्या दशकभर सहज टिकतात. साधं प्लॅस्टिक उन्हानं कडक होऊन तडकतं, शिवाय उंदीर-खारी ते कुरतडतात. फिल्मच्या रोलची डबी असेल, तर आतल्या कागदाचा लगदा झाला असं धरूनच चाला.

झाडावर खिळ्याला किंवा तारेला टांगलेला डबा उंच गेला असेल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. झाडाची उंची शेंड्याकडून वाढते, बुंध्यावरचा खिळा त्याच उंचीवर राहतो. मात्र बुंधा जाड होतो आणि तार गिळून टाकतो. मेलेलं झाड मात्र आडवं होतं. तेव्हा सूचनेत ‘पोकळ खोडात’ असेल आणि समोर उभं खोड नसेल, तर जमिनीवर कुजलेल्या ओंडक्यात बघा. पाइनच्या जंगलात दरवर्षी सुयांचा थर चढतो, ‘दगडाखाली’ ठेवलेला डबा दगडासकट दिसेनासा होतो. उतारावरचे दगडगोटे खाली सरकतात, म्हणून वर नाही, खाली शोधायचं. वणवा लागून गेलाय का, हे निघण्यापूर्वीच जुनी उपग्रह-छायाचित्रं पाहून कळतं. जाता जाता, त्या सूचना बहुधा साध्या सांकेतिक लिपीत असतात, ‘ए’च्या जागी ‘एन’, ‘बी’च्या जागी ‘ओ’, तेरा अक्षरं पुढे. उलगडायला दोन मिनिटं लागतात, तरी लोक आळस करतात.

एक गोष्ट मात्र आम्हाला अजिबात पटत नाही. शोधून दमलेला माणूस खिशातली डबी काढतो, तिथं ठेवतो, तीत आपलं नाव लिहितो आणि ‘सापडला’ अशी नोंद करतो. याला ‘थ्रोडाउन’ म्हणतात. मालकाला मदत केली, असं वर समर्थनही असतं. पण खरा डबा तीन मीटरवर शाबूत असेल, तर आता तिथं दोन झाले. पुढचा माणूस खोटा उचलणार आणि ज्या वहीत २००१ सालच्या लोकांच्या सह्या आहेत ती कायमची कुणाच्या हाती लागणार नाही. नोंदी खोट्या झाल्या, की मघाशी केलेला सगळा हिशेबही कोसळतो, कारण तो नोंदींवरच उभा आहे.

आता जिवाचं. एकाकी डबे एकाकी असतात, कारण जागा अवघड असते. खेळात जमिनीच्या अवघडपणाला एक ते पाच गुण देतात. पण दहा वर्षांपूर्वी दिलेला ‘तीन’ आज, वाट मोडल्यावर, ‘साडेचार’ असू शकतो. जून २०१८ मध्ये प्राग शहरात याच खेळासाठी भूमिगत जलमार्गात उतरलेली माणसं अचानक आलेल्या पावसाच्या लोंढ्यात वाहून गेली, त्यात जीव गेले. एकट्यानं जाऊ नका. कुठं चाललोय, किती वाजेपर्यंत परतणार, हे कुणाला तरी लिहून द्या. कपारीत हात घालण्यापूर्वी काठी घाला. दुर्गम भागात काहीजण उपग्रह-संदेशयंत्र नेतात, पण ते घेऊन भारतात येऊ नका. इथं परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही आणि परदेशी प्रवाशांवर विमानतळांवर कारवाई झालेली आहे.

न सापडल्यास डीएनएफ जरूर लिहा, त्यात कमीपणा नाही. फक्त पुढच्याला उपयोगी पडेल असं लिहा: दोन तास, तिघं जण, कोरडी हवा, ईशान्येकडच्या दगडांची रांग पूर्ण तपासली, ओढ्यापलीकडे गेलो नाही. आणि सापडलाच, तर ओली वही उलगडायची घाई करू नका, पानं फाटतात. सही करण्याजोगी ती नसेल, तर एक कोरा कागद छोट्या पिशवीत घालून जुन्या वहीशेजारी ठेवा. फोटो काढून मालकाला पाठवा, तो कदाचित खेळ सोडून गेला असेल, तरीही. डबा जिथं होता तिथंच ठेवा, ‘अधिक चांगल्या’ जागी नको. आणि आजच्या चांगल्या यंत्रावर मिळालेले आकडे नोंदीत टाका.