शब्द बरोबर की चूक : मोबाईलला विचारताना



ऊस नोंदीचे, वारस नोंदीचे, बेणे मागणीचे अर्ज आता बहुतेक घरांत शाळा-कॉलेजातली मुलेच भरतात. एखाद्या शब्दाचे स्पेलिंग अडले की शब्दकोश काढायचे कारण नाही, मोबाईलवर गूगलला विचारले की झाले. सोय चांगली आहे, ती जरूर वापरावी. पण हे यंत्र नक्की काय सांगते हे ठाऊक नसेल तर एका अक्षराच्या फरकाने भलतेच औषध फडात जाते, किंवा बिलाची रक्कम नावातल्या फरकामुळे बँकेत अडकून बसते. म्हणून या अंकात खत-पाण्याऐवजी हा विषय घेतला आहे.

आपण चुकीचे स्पेलिंग टाकले की गूगल वर एक ओळ दाखवते, ‘तुम्हाला असे म्हणायचे होते का?’ काही वेळा तेवढेही विचारत नाही. परस्पर शब्द बदलून दुसऱ्याच शब्दाची माहिती पुढे ठेवते आणि ‘मूळ शब्दच शोधा’ अशी बारीक ओळ खाली देते. ती ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आता, हे त्याला कळते कसे? आत कोणी मास्तर बसलेला नाही. लाखो लोक काय लिहितात, एकदा चुकल्यावर पुन्हा काय लिहून शोधतात, याचा ते हिशेब ठेवते. ब्रिटनी स्पीअर्स नावाची अमेरिकेतली एक गायिका आहे. तिचे नाव लोकांनी शेकडो तऱ्हांनी चुकवून टाकले होते आणि तरीही गूगल तिच्यापर्यंत पोचत होते, कारण बरोबर लिहिणारे त्याहून जास्त होते. म्हणजे पारावर बसलेल्या मंडळींना विचारण्यासारखेच हे आहे. पार मोठा आहे एवढेच. (गंमत अशी की ‘गूगल’ हे नावसुद्धा स्पेलिंगच्या चुकीतून आले असे सांगतात. एकावर शंभर शून्ये एवढ्या संख्येला इंग्रजीत ‘गूगॉल’ म्हणतात. १९९७ साली ते नाव मोकळे आहे का हे बघताना टाइप करणाऱ्याने स्पेलिंग चुकवले, आणि तेच पसंत पडले.)

जिथे बरोबर लिहिणारे जास्त, तिथे हा पार खरे बोलतो. इंग्रजीतल्या रोजच्या शब्दांना त्यामुळे अडचण येत नाही. मराठीचे तसे नाही. मराठीतला मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा, आणि त्यातही घाईने टाइप केलेला पुष्कळ. आपल्याच पिकाचे नाव घ्या. गूगलवर ‘ऊसाचे’ असे लिहून बघा. पानेच्या पाने निघतील, बातम्या, जाहिराती, सल्ले, सगळीकडे ‘ऊसाचे’, ‘ऊसाला’. आणि ते चूक आहे. ‘ऊस’ एकटा असतो तेव्हा ‘ऊ’ दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो. ऊस – उसाचे, पीक – पिकाला, कीड – किडीचा, मूळ – मुळाशी, दूध – दुधाचे, सगळ्यांची एकच रीत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत, म्हणून शरीर – शरीराला. मराठी साहित्य महामंडळाचे हे लेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत ‘ऊंस’ असे अनुस्वार देऊन छापलेले आढळते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आता मोबाईलवर फुकट बघायला मिळतो, अर्थाला तो फार चांगला, पण त्याची ती आवृत्ती १८५७ सालची आहे. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ त्यावरून ठरवू नयेत.

‘ऊसाचे’ लिहिले म्हणून कोणाचे टन कमी होत नाहीत, हे खरे. पण औषधाच्या बाबतीत तसे नाही.

‘ट्रायकोडर्मा’ आणि ‘ट्रायकोग्रामा’ हे दोन शब्द घ्या. दोन्ही आपण उसात वापरतो, दोन्हींची सुरुवात एक. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आहे. शेणखतात मिसळून जमिनीत देतात किंवा बेण्याला लावतात, रोगाच्या बुरशीला ती आवर घालते. ट्रायकोग्रामा हा बारीक परोपजीवी कीटक. तो खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालतो, म्हणून त्याची कार्डे पानांच्या खालच्या बाजूला टाचतात. मोबाईलवर ‘ट्रायको’ एवढे लिहिले की पुढचा शब्द यंत्र आपणहून पुरा करते, आणि जो जास्त जण शोधतात तो वर येतो. आपल्याला हवा तो खाली राहतो. कार्ड मागवायचे होते आणि भुकटीचा पुडा आला, तर किडीच्या अंड्यांचे काहीच होत नाही आणि हातचा आठवडा जातो.

याहून नुकसानीची जोडी म्हणजे इमिडाक्लोप्रिड आणि इमाझेथापायर. पहिले कीटकनाशक, दुसरे सोयाबीन-भुईमुगातले तणनाशक. मराठीत एकेका औषधाचे नाव पाच जण पाच तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे यंत्राचाही गोंधळ होतो. इथे एक पद्धत ठेवा. डब्यावरचे इंग्रजी नाव, कंपनीने ठेवलेले मोठ्या अक्षरांतले नव्हे, त्याखाली बारीक अक्षरांत असते ते औषधाचे मूळ नाव, एकेक अक्षर बघून उतरवा. ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा. अवतरणचिन्हे घातली की यंत्र तो शब्द सहसा बदलत नाही. आहे तसाच शोधते. सोबत ऊस हा शब्द टाका. मग ‘चित्रे’ या भागावर बोट ठेवा. बुरशीची भुकटी दिसते की अंड्यांची कार्डे, हे चित्रावरून लगेच कळते. वाचायला घरी कोणी नसले तरी एवढे जमते.

पाने किती निघाली यापेक्षा ती कोणाची आहेत ते बघावे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्या एका पानाला विक्रेत्यांच्या शंभर पानांपेक्षा जास्त वजन द्यावे. कोणते औषध कोणत्या पिकाला मंजूर आहे याची यादी केंद्रीय कीटकनाशक मंडळ आपल्या संकेतस्थळावर देते. हल्ली शोधल्याबरोबर सगळ्यात वर यंत्राने स्वतः जुळवलेला एक परिच्छेद येतो. भाषा छान सफाईची असते, पण त्यावरून फवारणीचे प्रमाण ठरवू नका. गट ऑफिसात या, डबा सोबत आणा.

आता नावांचे. इथे तर गूगलला विचारूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. समजा ‘विठ्ठल’ इंग्रजीत लिहायचे आहे. कोणी एक ‘टी’ घालतो, कोणी दोन. गूगल सांगेल जास्त लोक कसे लिहितात. पण तुमच्या आधारकार्डावर एकच ‘टी’ असेल आणि मुलाने गूगल बघून अर्जात दोन घातले, तर बरोबर असूनही ते तुमच्या कामाला चूकच. शेतकरी ओळख क्रमांक काढताना सातबाऱ्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांचा ताळा घेतात, बँकही पासबुकाशी ताळा घेते. जिथे शेअर्स माय-माउलींच्या नावावर आहेत तिथे तर एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर नुसते ‘बाई’ लावलेले, असे हटकून असते. तेव्हा अर्ज भरायला बसताना आधार, पासबुक, सातबारा आणि शेअर सर्टिफिकेट असे चार कागद समोर मांडा आणि अक्षराला अक्षर लावून बघा. फरक निघाला तर कोणता कागद दुरुस्त करायचा ते आधी ठरवा, मगच अर्ज भरा. वारस नोंदीच्या वेळी हा फरक उघडकीस आला, तर ज्याचे नाव दुरुस्त करायचे तो माणूसच सही करायला उरलेला नसतो. मोबाईलवर टाइप करताना आपले आडनाव यंत्र परस्पर ‘सुधारून’ टाकते, तेही पाठवण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावे.

राहिले आकडे. शब्द चुकला तर यंत्र निदान विचारते तरी. आकडा चुकला तर त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. को ८६०३२ ऐवजी ८६०२३ लिहिले, किंवा कोएम ०२६५ मधले शून्य गाळले, तर त्याला ते वावगे वाटेलच असे नाही. यंदा बेणे मागणीच्या अर्जात जातीचा आकडा अंकांत आणि अक्षरांत असा दोन्ही प्रकारे लिहावा, आणि तो बेणेमळ्याच्या पाटीवरून उतरवून घ्यावा.